बिल कोणाच्या नावावर?

फॉर्म १६ समोर ठेवून विवरणपत्र भरताना मला दरवर्षी एक रकाना उणा वाटतो. नोकरीच्या कामासाठी पदरमोड करून घेतलेला लॅपटॉप, हेडफोन किंवा खुर्ची दाखवायला पगारदाराला जागाच नाही. तोच ६०,००० रुपयांचा लॅपटॉप रीतसर हिशेब ठेवणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाने वर्षाच्या सुरुवातीला घेतला, तर ४० टक्के घसाऱ्यापोटी पहिल्याच वर्षी २४,००० रुपये त्याच्या उत्पन्नातून वजा होतात. कंपनीने घेऊन वापरायला दिला, तर घसारा कंपनीला मिळतो आणि कर्मचाऱ्याच्या करपात्र पगारात त्या वापराचा एक रुपयाही धरला जात नाही. यंत्र तेच, कामही तेच. पण बिल पगारदाराच्या नावावर निघालं की करापुरता तो घरखर्च ठरतो.

यावरचं उत्तर ठरलेलं आहे: स्टँडर्ड डिडक्शन त्यासाठीच तर आहे. २०१८च्या अर्थसंकल्पात ते ४०,००० रुपयांनी परत आलं, नव्या करप्रणालीत ७५,००० झालं, शिवाय पावती कोणी मागत नाही. ही सोय मोठीच आहे. पण परतताना त्याने वाहतूक भत्ता आणि वैद्यकीय खर्चाची भरपाई या दोन करसवलतींची जागा घेतली. आणि ज्याला सगळं कंपनी पुरवते त्यालाही ते तेवढंच मिळतं, जो सगळं स्वतः घेतो त्यालाही तेवढंच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खोटी बिलं येतील. घरातल्या लॅपटॉपवर काम किती आणि मुलांचा अभ्यास किती, हे कोण ठरवणार? घरभाड्याच्या बनावट पावत्या पाहिलेल्या देशात ही भीती अनाठायी नाही. मात्र जर्मनीने यातून वाट काढली आहे. तिथे नोकरदाराला १,२३० युरोंची सरसकट वजावट मिळते. खर्च त्याहून जास्त असेल तर पुराव्यानिशी प्रत्यक्ष खर्च मागता येतो, आणि मिश्र वापर असेल तर कामापुरताच हिस्सा धरतात. खर्च कमी असणाऱ्याला कागद जमवावे लागत नाहीत आणि तपासणीही मोठ्या दाव्यांपुरती उरते.

आपल्याकडे तशी तरतूद होईपर्यंत मला एकच व्यवहार्य मार्ग दिसतो: साधन कंपनीच्याच नावावर घ्यायला लावणं. त्याऐवजी पगारात मिसळलेला भत्ता स्वीकारला, तर त्यावरही कर लागतो. म्हणून नोकरी स्वीकारताना पगाराच्या आकड्याबरोबर हेही बोलून घ्यावं.