अण्णांची गाडी आणि पेडलची पिन

मराठीच्या मास्तरानं क्लचवर लिहावं हे जरा चमत्कारिकच, पण आमच्या घरच्यांनी वाचावं म्हणून लिहितो. बाकीच्यांना कंटाळा आला तर खुशाल उठा.

आमचे थोरले बंधू अण्णा 1973 साली डॉक्टरकीसाठी इंग्लंडला गेले. तिथं त्यांनी एक जुनी एमजीबी घेतली, 1972 सालची. दोन माणसांची, वरून उघडी, बुटकी गाडी. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या 1962 ते 1980 पर्यंत निघाल्या. जळकोटला फोन आला (आमचं तुळजापूर तालुक्यातलं जळकोट बरं का, लातूर जिल्ह्यातलं नव्हे) की आधी गाडीची खुशाली, मग घरची. गेल्या वर्षी अण्णा गेले.

गाडी पुतण्याकडे आली. मार्चमध्ये त्याचा फोन. "काका, रिव्हर्स टाकताना कर्रकर्र होतं. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन उतरवून अख्खा क्लच बदलावा लागेल. एवढा खर्च करण्यापेक्षा विकून टाकू का?"

मी विचारलं, डबीतलं तेल उतरतं का? नाही म्हणाला. पेडल पहिला इंचभर मोकळंच जातं का? हो म्हणाला.

तरुणपणी शेजारच्या मळ्यातली जीप अण्णा आणि मी नळदुर्गच्या एका मिस्त्रीकडे न्यायचो. तो म्हणायचा, "आधी पाय बघा, मग पोट फाडा." जीपचा क्लच तारेवर आणि दांड्यांवर चालायचा, एमजीबीचा तेलावर. पण पायापाशी दुखणं एकच. पेडलच्या दांड्याला भोक असतं, त्यात आडवी पिन, आणि त्या पिनीला मास्टर सिलिंडरची काठी जोडलेली. प्रत्येक वेळी पाय दाबला की ती पिन घासते. वर्षानुवर्षं घासून गोल भोक अंड्यासारखं होतं. मग पायाची पहिली हालचाल ही झीज भरण्यातच जाते. तेल कमी ढकललं जातं, खाली गिअरबॉक्सपाशी फोर्क पुरता हलत नाही, क्लच प्लेट पूर्ण सुटत नाही. रिव्हर्सला सिंक्रोमेश नसतं, म्हणून पहिली बोंब तो मारतो.

पुतण्याला म्हटलं, गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नको, खाली घोडे लाव. एकाला पेडल दाबायला बसव आणि खालच्या सिलिंडरची काठी किती सरकते ते मोज. अर्ध्या इंचाच्या आसपास सरकायला हवी. त्याची पाव इंचाच्या थोडी वर. कुठं ओल नाही, गळती नाही. मग पेडलवरचा पत्रा काढायला लावला.

पिनीचा फोटो आला आणि मी बराच वेळ बघत बसलो. मधोमध खाच पडून तिला मुंगळ्यासारखी कंबर आली होती. पन्नास वर्षं अण्णांचा डावा पाय तिथं पडत होता. घरात त्यांच्या चपला, चष्मा, सगळं बघून झालं होतं, तेव्हा इतकं काही वाटलं नव्हतं.

असो. नवी पिन टपालानं आली. इंचाच्या मापाचीच हवी, मिलिमीटरची तिथं खेळत राहते. पेडलचं भोक वेल्डिंगनं भरून पुन्हा गोल पाडून घेतलं, स्प्लिट पिनही नवी. तेलसुद्धा बदलायला लावलं, कारण ते हवेतली ओल शोषतं आणि आतून सिलिंडर खराब करतं. शिवाय रंगावर सांडलं तर रंग उचलून नेतं, म्हणून फडकं हाताशी हवंच. आणखी एक गोष्ट बजावली. या गाडीचं रिलीज बेअरिंग कार्बनचं असतं, बॉलचं नव्हे. सिग्नलला पेडल दाबून बसायचं नाही, न्यूट्रल करायचं. आपल्याकडेही लोक पेडलवर पाय विसावून गाडी हाकतात, मला ते बघवत नाही.

सगळा खर्च क्लचच्या मानानं किरकोळ झाला. रिव्हर्स आता मुकाट पडतो. विकण्याचा विषय पुतण्यानं पुन्हा काढला नाही, मीही विचारलं नाही. त्यानं वहिनींना बसवून दुकानापर्यंत नेलं, वर्षभरानं त्या गाडीत पहिल्यांदाच बसल्या. फोनवर मला म्हणाल्या, "भाऊजी, गाडी छान चालते, पण पेडल लवकर धरतं म्हणे. यांच्या वेळी तसं नव्हतं."

जुनी पिन टाकू नको म्हणून सांगितलंय. दिवाळीत येताना तो घेऊन येणार आहे.