आशीर्वाद होईपर्यंत

बाबा पाळक होते. नगर जिल्ह्यातल्या लहान लहान मंडळ्यांमध्ये त्यांची हयात गेली. त्यांचे उपदेश मला फारसे आठवत नाहीत. आठवतात ते उपासनेच्या शेवटी वर गेलेले हात. पांढऱ्या झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत घसरायच्या आणि लहानपणी विळ्याने कापलेलं, वाकडंच जुळून आलेलं एक बोट दिसायचं. सगळी मंडळी माना खाली घालून उभी. मी मात्र चोरून त्या बोटाकडे बघायचे.

खुरपणीच्या दिवसांत एक म्हातारी थेट शेतातूनच यायची, बहुतेक उपदेश आटोपल्यावर. दाराशी चपला काढायची, मातीचे हात पदराला पुसत मागे उभी राहायची. ती दिसेपर्यंत बाबा सूचना लांबवत. कुणी घड्याळाकडे पाहिलं तर म्हणत, "आशीर्वाद तरी मिळू दे की तिला."

पाळक म्हणून दीक्षा होण्याआधी बाबा उपदेशक होते. तेव्हाही उपासना तेच चालवत. पण शेवटी हात जोडत आणि मागणं मागताना स्वतःलाही त्यात धरत. हात उचलले ते दीक्षेनंतरच. त्यात त्यांना मोठेपणा कधी वाटला नाही. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देव मोशेकरवी याजक अहरोनाला आणि त्याच्या मुलांना या आशीर्वादाचे शब्द शिकवतो आणि लगेच सांगतो की याजकांनी माझं नाव लोकांवर ठेवावं, आशीर्वाद मी देईन. याजकाच्या पदरचं त्यात काहीच नसतं. मार्टिन ल्यूथरने १५२६ साली जर्मन उपासनेचा क्रम बसवला, तेव्हा शेवटी हेच शब्द ठेवले. आमच्या पत्र्याच्या चर्चमध्येही तेच.

हल्ली मोठमोठ्या सभांतून आशीर्वाद वाटला जातो तो नोकरीसाठी, व्हिसासाठी, आजार पळवण्यासाठी. गरजू माणसं तिथे का जातात हे मला कळतं, पण जीव तुटतो. कारण आजार राहिला की त्यांना वाटतं, देवाने आपल्याला वगळलं. त्या जुन्या शब्दांत मागितलंय ते रक्षण, कृपा, आपल्याकडे वळलेलं देवाचं मुख आणि शेवटी शांती. ती म्हातारी तेवढं घेऊन परत खुरपायला जायची.

कोरोनाच्या टाळेबंदीत, २७ मार्च २०२० च्या रात्री पोप फ्रान्सिस यांनी पावसात भिजलेल्या, रिकाम्या चौकासमोर उभं राहून जगाला आशीर्वाद दिला. आम्ही प्रॉटेस्टंट, तरी बाबा टीव्हीसमोर उठून उभे राहिले.

पुढच्याच वर्षी, एप्रिलात, बाबा गेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कबरीशी उभा राहिलेला माणूस, आणि त्यांच्या कबरीशी आम्ही चौघंच. पाळकांनी लांबून, भराभर वाचलं. त्यांना अजून दोन ठिकाणी जायचं होतं. आई घरीच, विलगीकरणात. व्हिडिओ कॉलवर तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. माती लोटायला सुरुवात झाली तेव्हा तिने पदर सावरला, उजवा हात वर केला आणि ते शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले. इतकी वर्षं ती बाबांसमोर मान खाली घालून उभी राहिली होती. पेत्राच्या पहिल्या पत्रात सगळ्याच विश्वासणाऱ्यांना याजक म्हटलंय. बाबांनी त्यावर अनेकदा उपदेश केला असेल. मला तो त्या दिवशी कळला.

नंतर माझ्या वाचनात आलं की जेरुसलेममध्ये केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यांत १९७९ साली चांदीच्या दोन इवल्या गुंडाळ्या सापडल्या. त्या उलगडायलाच तीन वर्षं लागली. इसवी सनापूर्वी सहाशेच्या सुमाराच्या त्या पत्र्यांवर याच आशीर्वादातले शब्द कोरलेले निघाले. बायबलमधल्या मजकुराचा याहून जुना नमुना आजवर हाती आलेला नाही. बहुधा कुणीतरी ते ताईतासारखे गळ्यात घातले असावेत आणि मेल्यावर ते त्या माणसाबरोबरच ठेवले गेले.

हे वाचल्यापासून मला जरा धीर आला आहे. आता रविवारी तरुण पाळक हात उचलतात. आशीर्वाद देवाचा, तो कुणाच्याही हातून पोचतो, हे मी मानते. तरी मला बाबांचेच हात हवे असतात, त्या वाकड्या बोटासकट. ज्याने ते शब्द चांदीवर कोरून घेतले, त्यालाही ते नुसते ऐकून पुरत नव्हते. त्याला ते अंगाला लागायला हवे होते.

परवा आईने बजावलं, तिच्या वेळी हे शब्द मीच म्हणायचे, पाळक हजर असले तरी. मी हो म्हटलं.