मग शोणाचे काय? : आम्ही संपवलेल्या आणि टाकून दिलेल्या कादंबऱ्या



कादंबरी अर्ध्यावर टाकली की आपल्या पोरांना अपराधी वाटते. पुस्तक जाड असते, लेखक मोठा असतो, मुखपृष्ठावर पुरस्काराचे नाव छापलेले असते. सरांनी वर्गात सांगितलेले असते की ही वाचली नाही तर काहीच वाचले नाही. मग पोरगा साठ पाने रेटतो, कंटाळतो आणि दोष स्वतःलाच देतो. आपल्याला साहित्यच कळत नाही, असे म्हणतो. या अपराधीपणाची आम्हाला चीड आहे. पानापानांत आपण कुठेच नसू, किंवा असलोच तर वाड्याबाहेर जोहार घालत उभे असू, तर पुस्तक मिटण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. अट एकच, का मिटले ते चार लोकांत सांगता आले पाहिजे. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांकडून ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा जोतीरावांनी ते नाकारले, आणि का नाकारतो ते पत्रात स्पष्ट लिहून कळवले. आम्ही त्यांच्याच घराण्यातले वाचक.

आम्ही म्हणजे किन्हीराजाचे सातजण. मालेगाव तालुका, वाशीम जिल्हा, सोयाबीन-तुरीचा मुलूख. आमच्यात दोघे स्पर्धा परीक्षेवाले, एक नर्सिंग करणारी ताई, एक मास्तर, एक मोबाईल दुरुस्त करणारा, एक मजुरीला जाणारा दादा आणि बचत गटाचे हिशेब लिहिणारी आत्याबाई. रविवारी संध्याकाळी वंदना झाली की विहारातच बसतो. कादंबरी हवी असली तर वाशीम किंवा अकोला गाठावे लागते, नाहीतर दीक्षाभूमीला जाणाऱ्यांच्या हाती चिठ्ठी द्यावी लागते. प्रत एक आणि वाचणारे सात. त्यामुळे कोणी कुठल्या पानावर सोडली ते लपत नाही. तिथल्या कोपऱ्याला घडी असते.

सुरुवात 'मृत्युंजय'पासून करू, कारण ती आम्ही सातहीजणांनी संपवली. १९६७ सालची ही कादंबरी आजही आमच्याकडे निरोप समारंभात आणि वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस म्हणून मिळते. हातात घेतली की सुटत नाही, हे मान्य करायला लाज कशाची? शिवाजी सावंतांनी कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडून ती सांगितली आहे. भर आखाड्यात कर्णाला कूळ विचारले जाते तिथे आमच्यातला प्रत्येकजण थांबला. मास्तरांना शहरात खोली शोधताना आडनावानंतर आलेला प्रश्न आठवला, 'म्हणजे तुम्ही कोण?' मोबाईलवाल्याला दुसरेच काही आठवले, ते त्याने सांगितले नाही. आपल्या पोरांना ही कादंबरी का आवडते, याचे उत्तर त्या एका प्रसंगात आहे. त्यांना तिथे आपली जखम दिसते.

पण मित्रांनो, जखमेवर औषध कोणते दिले आहे ते पाहा. कर्णाच्या अपमानाला कादंबरीजवळ उत्तर काय? तर तो सूतपुत्र नव्हताच! तो कुंतीचा मुलगा, सूर्याचा अंश, जन्मतःच कवचकुंडले घेऊन आलेला. म्हणजे त्याचे तेज रक्तातले. सराव करून, घाम गाळून कमावलेले नव्हे. मग अन्याय कोणता झाला? एका क्षत्रियाला चुकून सूत समजले गेले, एवढाच. सूताला सूत म्हणून हाकलणे गैर आहे, ही गोष्ट सगळी कादंबरी वाचूनही ठणकावून कोणी सांगत नाही.

यावर आमच्यात वाद रंगला तेव्हा नर्सिंगवाली ताई म्हणाली, "मंग शोणाचं काय, दादा? तो तं खराच सूतपुत्र होता ना?"

शोण म्हणजे अधिरथ आणि राधेचा पोटचा मुलगा. त्याला कवच नाही, कुंडले नाहीत आणि आकाशातला बापही नाही. त्याला कोणी कूळ विचारले तर शेवटच्या प्रकरणात कोणती राणी येऊन सांगणार की हा आमचाच? सावंतांनी त्याला बोलायला जागा दिली, पण तो बोलतो ते आपल्या भावाबद्दल. आम्ही शोणाची माणसे आहोत. आमच्या जन्मात कुठले गुपित दडलेले नाही आणि ते उघड होण्याची आम्ही वाट पाहत नाही.

इथे स्पर्धा परीक्षेवाल्याने हरकत घेतली, आणि हरकत रास्त होती. बाबासाहेबांनीही १९४६ च्या ग्रंथात शूद्र हे मूळचे क्षत्रिय होते असे मांडले आहे ना? मांडले आहे. पण ते इतिहासाचे संशोधन होते. माणूस म्हणून वागवले जाण्याची ती पूर्वअट नव्हती. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर ओंजळ भरताना कोणी वंशावळ दाखवली नव्हती. तहान लागते म्हणून पाणी आणि माणूस म्हणून हक्क, एवढाच तो दावा होता. कर्णाचा दावा याच्या नेमका उलट्या बाजूला उभा आहे. आखाड्यात दुर्योधनाने अंगदेशाचे राज्य दिले, मग कर्ण स्पर्धेला पात्र ठरला. मेहरबानीने मिळालेल्या पदाची किंमत त्याने आयुष्यभर चुकवली. आपल्या काही नेत्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचायला हरकत नाही.

'ययाति'ची तऱ्हाही तीच. खांडेकरांची १९५९ ची कादंबरी, १९७४ साली ज्ञानपीठ. तिघांनी संपवली, चौघांनी उपदेशाला कंटाळून सोडली. शर्मिष्ठा दासी होते म्हणून वाचक हळहळतो. का हळहळतो? ती राजकन्या असते म्हणून. त्याच राजवाड्यात अलका आहे, दासीच्या पोटी जन्मलेली पोर. तिला विष दिले जाते. ययातीला ती पुढे आठवत राहते खरी, पण त्याच्या दुःखाची एक छटा म्हणून. अलकेला स्वतःचे प्रकरण नाही. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा, तिघांना आहे.

'स्वामी' आम्ही टाकली. रणजित देसाईंची भाषा गोड आहे, आणि गोडाचीच अडचण झाली. शनिवारवाडा, समया, शालू, माधवरावांची शिस्त. मजुरीवाला दादा साठाव्या पानावर थांबला आणि म्हणाला, "यात आपल्याले कोठं उभं रायचं?" पेशवाईत अस्पृश्यांवर कोणती बंधने होती ते बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात सांगितले आहे. ते वाचलेल्या माणसाला या समया पाहताना त्यांच्या उजेडाबाहेरचे दिसू लागते, त्याला इलाज नाही. शेवटची पाने मात्र आम्ही मुद्दाम काढून वाचली. थेऊरला माधवराव जातात आणि रमाबाई सती जाते. हे प्रेमाचे शिखर म्हणून लिहिले आहे आणि पिढ्यान् पिढ्या वाचक तिथे रडले आहेत. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचवीस वर्षांच्या भीमरावाने सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही जात बंदिस्त ठेवण्याची साधने आहेत हे दाखवून दिले होते. १९६२ मध्ये, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनंतर, मराठी कादंबरी त्याच चितेला आरती ओवाळते. दोन वर्षांनी तिला साहित्य अकादमी मिळते.

आत्याबाईंचे म्हणणे निराळे पडले. त्यांनी 'स्वामी' पूर्वीच दोनदा वाचली होती. "बाईचं दुख खरं हाये, वाडा खोटा असला तरी," असे त्या म्हणाल्या. आम्ही त्यावर काही बोललो नाही. अजूनही त्याचे उत्तर आमच्याजवळ तयार नाही.

'कोसला'वर आमचे दोन तट पडले. पांडुरंग सांगवीकर बापाचे पैसे पुण्यात उडवतो आणि मग जगण्याला अर्थ नाही म्हणतो. शिष्यवृत्ती खात्यावर कधी पडते याची वाट पाहत मेसवाल्याला तोंड चुकवणाऱ्या पोराने हे किती वेळ ऐकायचे? स्पर्धा परीक्षेवाल्यांनी ती वसतिगृहाच्या भागातच ठेवली. मास्तर मात्र सांगतात की बहीण मनी देवीने मरते तिथपर्यंत तरी जा, मराठीत असे फार थोडे लिहिले गेले आहे. ते बरोबर आहे.

'दुनियादारी' सगळ्या पोरांनी संपवली आणि वर सिनेमाही पाहिला. सुहास शिरवळकर वाचायला सोपे, मैत्री खरी वाटते, आम्हाला तक्रार नाही. फक्त मोबाईलवाल्याचा एक प्रश्न अनुत्तरित आहे. कट्ट्यावरच्या त्या सगळ्या चहाचे पैसे कोण देत होते?

आता 'फकिरा'. अण्णा भाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले, वाटेगावहून पायी मुंबईला आले, आणि १९५९ साली ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आमच्याकडे ती एका रात्रीत वाचून झाली. जोगणी आणताना राणोजी मारला जातो, तिथून पुढे श्वास घ्यायला फुरसत नाही. उपाशी मांगवाडा मरणाची वाट पाहत बसत नाही, धान्य लुटतो, खजिना लुटतो. मराठी कादंबरीत तोवर आपला माणूस कणव येण्यासाठी असायचा. इथे त्याची भीती वाटते, आणि ती हवीच होती.

पण आपले पुस्तक म्हणून डोळे मिटून वाचायचे, हे आम्हाला पटत नाही. आमचा आक्षेप विष्णुपंत कुलकर्णींबद्दल आहे. मांगवाड्याचा कैवारी हा सज्जन ब्राह्मण. जगण्यासाठी लुटायला हरकत नाही, हा कौलही त्याच्याच तोंडून यावा? बंडाला वाड्याची परवानगी कशाला? कोणी म्हणेल, अण्णा भाऊ कम्युनिस्ट होते, त्यांना माणसे जातीत मोजायची नव्हती. असेल. आम्हाला मात्र तेवढी पाने खटकतात, आणि ती खटकूनही 'फकिरा' आमच्या कपाटात पहिल्या रांगेत आहे.

याच कादंबरीच्या निमित्ताने एक गोष्ट घडली ती सांगतो. आमच्या भागात १ ऑगस्टची जयंती एका वस्तीत आणि १४ एप्रिलची दुसऱ्या वस्तीत, असे वाटप होऊन बसले आहे. 'फकिरा' त्यांची, 'बलुतं' आपले, असेही. त्या रविवारी मातंग वस्तीतली तीन पोरे विहारात आली, कारण विषय त्यांच्या पुस्तकाचा होता. विष्णुपंतावर आमच्यापेक्षा त्यांचा राग जास्त निघाला. पुढच्या रविवारी पुन्हा आली. आता वाचणारे दहा आहेत आणि प्रत अजूनही एकच आहे.

वऱ्हाडातल्या दोन कादंबऱ्यांशी आमचा जास्त जवळचा झगडा आहे. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० सालची. त्यातली कौतिक नवऱ्याच्या, पोरांच्या आणि नशिबाच्या ओझ्याखाली राबते आणि आमच्या आया जशा बोलतात तशी बोलते. पुस्तकात आपली बोली पहिल्यांदा पाहिलेला दादा मोठ्याने वाचू लागला. मजुरी करून आलेला माणूस तासभर थांबला नाही. त्या दिवशी चर्चा झालीच नाही.

दुसरी सदानंद देशमुखांची 'बारोमास'. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातला लेखक, २००४ चे साहित्य अकादमी. शिकलेला, बेकार एकनाथ, नोकरीसाठी मागितले जाणारे पैसे, घरातली भांडणे, कर्ज. सगळे ओळखीचे. सोयाबीनचा भाव पडला की आमच्याकडेही हेच होते. आम्ही ती संपवली, आणि शेतकऱ्याच्या पोरांनी ती वाचलीच पाहिजे असे म्हणतो. तरी एक प्रश्न राहतो. त्या शेतात जो मजुरीला येतो, संध्याकाळी त्याच्या घरी काय शिजते? ज्याच्या घरात कोणाच्याच नावावर सातबारा नाही त्याने जीव दिला तर तो शेतकरी आत्महत्येच्या सरकारी मदतीच्या निकषात बसत नाही. कागदावर तो शेतकरीच नाही. कादंबरीतही तो बांधावरच राहतो. ही देशमुखांवर टीका नाही, त्यांनी आपल्या घरातले खरे लिहिले. आपल्या घरातले कोण लिहिणार, हा प्रश्न आपला आहे.

आणि इथे आमची खरी तक्रार आपल्याच माणसांकडे आहे. आपल्याकडे आत्मकथने आहेत: 'बलुतं', 'आठवणींचे पक्षी', 'जिणं आमुचं', 'अक्करमाशी', 'आयदान'. कविता तर उदंड. कादंबऱ्या किती? बाबुराव बागुलांची 'सूड' हातात घ्या, लहानशी आहे, जानकी तुम्हाला सोडणार नाही. पण तिचे नाव तरी कितीजणांनी ऐकले आहे? आत्मकथन मागायला सगळे येतात. तुमचे दुःख सांगा, खरे सांगा, रडू येईल असे सांगा. कल्पना करण्याचा अधिकार मात्र आपल्याला कोणी देत नाही आणि आपणही मागत नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी आधी गुलामीच्या आठवणी लिहिल्या, मग तिथेच थांबले नाहीत. १९४० मध्ये रिचर्ड राइटची 'नेटिव्ह सन' आली, १९८७ मध्ये टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड'. पँथरचे नाव आपण त्यांच्याकडून घेतले, हेही घ्यायला हवे होते.

आपले कार्यकर्ते म्हणतात, कादंबरी म्हणजे टाइमपास, आधी बाबासाहेबांचे खंड वाचा. खंड वाचाच. पण जो पोरगा खंड वाचतो आणि 'मृत्युंजय'पुढे मान खाली घालतो, त्याच्या वाचनात कुठेतरी फट राहिली आहे. समोरचे लोक आपल्या मुलांना कादंबरीतूनच शिकवतात की तेज रक्तात असते, सती म्हणजे प्रेम आणि पेशवाई म्हणजे सोन्याचा काळ. निबंध वाचणारे थोडे असतात, गोष्ट सगळेच ऐकतात.

सध्या हातात शरणकुमार लिंबाळेंची 'सनातन' आहे, २०२० चा सरस्वती सन्मान मिळालेली. दोघेजण मागे पडले आहेत, आत्याबाई सगळ्यांच्या पुढे आहेत आणि काय होते ते सांगत नाहीत. मत ठरले की लिहू. दहाजणांना एक प्रत पुरत नाही म्हणून वर्गणी काढली आहे. यंदा दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाडीबरोबर दुसरी प्रत येईल, आणि मिळाली तर 'सूड'ही. कपाटात जागा करायची आहे. 'स्वामी' कोणाला हवी असेल तर घेऊन जा. पहिली साठ आणि शेवटची वीस पाने सोडली तर नवीकोरी आहे. आत्याबाईंना एकदा विचारा मात्र.