पाठुंगळीचा हिशेब

पाठुंगळीला पैसे पडत नाहीत, अशी माझी आजवरची समजूत होती. त्यामुळे गेल्या श्रावणात सूनबाईने नातीला डोंगरावर नेण्यासाठी पाठीवरचा पिट्ठू विकत घेण्याचा विषय काढला, तेव्हा वर्तमानपत्रातून मान वर न काढताच मी म्हणालो, "आमच्या घरातल्या तीन पिढ्या कडेवर वाढल्या. त्यांना कोणी पिट्ठू घेतला नव्हता."

"बाबा, जानापावची गोष्ट तुम्हीच सांगितली होती ना?" ती शांतपणे म्हणाली. मी गप्प झालो.

जानापाव हा आमच्या इंदूरकरांचा महूजवळचा डोंगर. परशुरामाचे जन्मस्थान म्हणून त्याची ख्याती. चंबळेचा उगमही तेथलाच. पावसाळ्यात शिदोरी बांधून तेथे जाण्याची आमच्या घरची जुनी रीत. मुलगा दोन वर्षांचा असताना असेच गेलो होतो. उतरताना तो माझ्या डाव्या कडेवर होता आणि उजव्या हातात डब्याची पिशवी. ओल्या काळ्या दगडावरून पाय घसरला. पडताना माणूस हात टेकतो. मला टेकायला हातच नव्हता. कोपरावर आदळलो. मुलाच्या कपाळाला खोक पडली, ती खूण अजून आहे. पुढे मी ही गोष्ट मुलाला वाचवल्याचा पराक्रम म्हणून सांगत आलो. तिच्यातले एक वाक्य मात्र नेहमी वगळत आलो.

तरीही मी शेवटचे अस्त्र काढले. "झाशीच्या राणीने कुठला पिट्ठू घेतला होता?" म्हणालो खरे, पण मनातच आकडेमोड सुरू झाली. चित्रांत आणि पुतळ्यांत राणीच्या पाठीशी दिसते ते तान्हे बाळ. प्रत्यक्षात १८५८ साली दामोदरराव आठ-नऊ वर्षांचे होते. ते पुढे इंदुरातच राहिले आणि १९०६ साली येथेच वारले. त्या वयाचा मुलगा सहज वीस किलोच्या पुढे भरतो. आजच्या पिट्ठूंवर मूल आणि सामान मिळून वीस-बावीस किलोंच्या आसपासची मर्यादा लिहिलेली असते. इतिहास असा माझ्याच विरुद्ध साक्ष देऊ लागला, तेव्हा मी मुकाट्याने दुकानात गेलो.

पिट्ठू हा शब्द आम्ही हिंदीतून घेतलेला. वैष्णोदेवीच्या वाटेवर मुलांना पाठीवर घेऊन चढणाऱ्या माणसाला पिट्ठू म्हणतात. दुकानात त्या शब्दाच्या दोन तऱ्हा निघाल्या. एक मऊ कापडी, जेमतेम किलोभर वजनाची. मूल अंगाशी बिलगून राहते, तास-अर्ध्या तासाच्या फेरफटक्याला पुरेशी. १९६०च्या दशकात टोगो देशात सेवाकार्यासाठी गेलेल्या अ‍ॅन मूर या अमेरिकन परिचारिकेने तेथील आया मुलांना कापडाने पाठीशी बांधताना पाहिल्या आणि मायदेशी परतल्यावर 'स्नगली' नावाची अशी झोळी तयार केली. आमच्या भागातील भिल्ल स्त्रियाही ओढणीत मूल बांधून शेतावर जातात. त्यांच्याकडे पाहून आम्हाला कधी काही सुचले नाही.

दुसरी तऱ्हा सांगाड्याची. ॲल्युमिनियमच्या चौकटीत बैठक, वर छत, खाली सामानाचा कप्पा. मूल आधाराशिवाय बसू लागले आणि मान पक्की झाली की मगच ही वापरायची. आमची नात चौदा महिन्यांची, दहा किलोंची. पिट्ठू तीन किलोंचा. पाणी, कपडे, खाऊ मिळून दोन. एकूण पंधरा किलो, म्हणजे गिरणीत न्यायचा गव्हाचा भरलेला डबाच.

दुकानदार जाणता होता. त्याने बैठकीत दहा किलोंची वाळूची पिशवी ठेवली आणि म्हणाला, "बघून काही कळणार नाही. बांधा आणि जिना चढून या." मग कंबरेचा पट्टा कोठे यावा, ते दाखवले. तो पोटावर नव्हे, कटीच्या हाडावर बसला पाहिजे. भार त्या हाडावर जातो, खांद्यावरचे पट्टे फक्त ओझे पाठीशी धरून ठेवतात. ऐकून मला माझी आई आठवली. तिने आयुष्यभर आम्हा भावंडांना ज्या हाडावर वागवले, तेच हाड हा पट्टा शोधत होता. फरक एवढाच, की येथे दोन्ही हात मोकळे राहत होते.

मुलाला सर्वांत मोठा, कप्पेच कप्पे असलेला पिट्ठू आवडला. तोच सूनबाईने बांधला, तर पट्टा मांड्यांवर उतरला. तो उंच, ती ठेंगणी. जास्त वेळ मूल वाहणार ती, हे घरात सर्वांना ठाऊक होते. फक्त कोणी बोलत नव्हते. शेवटी पाठीची लांबी कमी-जास्त करता येईल असा पिट्ठू निवडला आणि तिच्या पाठीवर नीट बसला तेव्हाच पक्का केला. बैठक गुडघ्यापर्यंत मांडीला आधार देणारी हवी, पाय लोंबकळून बधिर होऊ नयेत म्हणून रिकिबी हव्यात, पट्टे दोन्ही खांद्यांवरून, कंबरेवरून आणि पायांमधून घेतलेले हवेत, हे सारे पाहिले. पायाशी उघडणारा टेकू सपाट जमिनीवर पिट्ठू उभा ठेवण्यापुरता. मूल आत असताना तो ओट्यावर ठेवायचा नाही की नजरेआड करायचा नाही.

मग मी म्हणालो, "आता मी बांधून बघतो." अकरा पायऱ्या चढलो. बाराव्या पायरीवर श्वास लागला आणि मागे कोणी आहेसे वाटले. मुलगा होता. त्याचा हात पिट्ठूखाली, न टेकता धरलेला. मी खाली उतरलो, पट्टा सोडला आणि म्हणालो, "माझ्या पाठीला बसत नाही हा." कोणी काही विचारले नाही.

भाद्रपदात जानापावला गेलो. वर मोटारीचा रस्ता आहे, पण आम्ही पायवाट धरली. चढताना सूनबाईने नातीला घेतले, उतरताना मुलाने. चौकटीत बसलेले मूल वाहणाऱ्याच्या डोक्याच्याही वर असते. तो वाकून जातो ती फांदी मुलाला लागते. म्हणून मी पुढे चालून फांद्या बाजूला धरल्या. दर अर्ध्या तासाने तिला खाली उतरवून पाय मोकळे करायला लावले. चालणाऱ्याला घाम फुटतो तेव्हा बसलेल्या मुलाला वाऱ्याचा गारठा लागतो. तिच्या पायांत मोजे घालणे माझ्याकडे होते. ती झोपली तेव्हा मान कलू नये म्हणून उपरण्याची घडी मीच लावली.

उतरताना तो दगड आला. तोच असेल असे नाही, पण तसाच ओला आणि काळा. मी थांबलो आणि इतक्या वर्षांचे ते वाक्य मुलाला सांगितले, "त्या दिवशी मी तुला धरून ठेवले नव्हते. क्षणभर तू हातातून सुटला होतास."

त्याचा हात कपाळाकडे गेला. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग दोन्ही हात मोकळे होते त्यांतला एक पुढे करून म्हणाला, "बाबा, हात धरा. दगड ओला आहे."