चुकीचे तारे

आभाळ. ‘टायटॅनिक’मधली रोझ फळीवर गारठून पडलेली असताना वर बघते, ते. 1997 साली त्यात तारे हवे तसे पेरले होते. अर्धं आभाळ रंगवून तेच उलटवून शेजारी जोडलेलं. नील डीग्रास टायसन हे खगोलशास्त्रज्ञ जेम्स कॅमेरॉनच्या मागेच लागले. शेवटी 2012 मध्ये, थ्रीडी आवृत्तीच्या वेळी, 15 एप्रिल 1912 च्या पहाटेचं खरं आभाळ तिथे बसवलं. चूक गेली. रोझला तेव्हा नक्षत्रं ओळखायची शुद्ध होती का, ते सोडा.

तलाव. त्याच सिनेमात जॅक लहानपणी विसोटा तलावावर बर्फाला भोक पाडून मासे धरल्याचं सांगतो. 1912 मध्ये तिथे धरणच नव्हतं, तलाव कुठला! ही थाप शाबूत आहे.

पूल. ‘द ग्रॅज्युएट’, 1967. बेंजामिन तांबड्या आल्फा रोमिओतून एलेनसाठी बर्कलीला निघालाय, आणि गाडी धावतेय बे ब्रिजच्या वरच्या मजल्यावरून, म्हणजे सरळ सॅन फ्रान्सिस्कोकडे. खालच्या मजल्यावर ती आकाशातून दिसली नसती. प्रेमात पडलेला माणूस भलत्या दिशेला सुटतो, यात मला तरी काही खटकत नाही. पुलाचा पूर्वेकडचा भाग 2013 मध्ये नवा झाला. तिथे आता वर-खाली मजले नाहीत, जाणारे-येणारे शेजारी-शेजारी. तेवढ्या भागात ही चूक करायची सोयच गेली.

डोंगर. ‘साउंड ऑफ म्युझिक’च्या शेवटी ट्रॅप कुटुंब साल्झबर्गजवळचा डोंगर चढून स्वित्झर्लंडला जातं. प्रत्यक्षात तो डोंगर ओलांडला की जर्मनी, तीही हिटलरच्या बंगल्याच्या बाजूची. खरे ट्रॅप आगगाडीनं इटलीला गेले होते.

कागद. ‘कॅसाब्लांका’तले ते दोन परवाने, ज्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. असले परवाने कधी नव्हतेच.

शीशमहाल. ‘मुघल-ए-आझम’मध्ये अनारकली अकबरासमोर नाचते तो. लाहोर आणि आग्र्याच्या किल्ल्यांतले शीशमहाल शाहजहाननं बांधले. नातवाचा महाल आजोबांच्या दरबारात. 2004 मध्ये हा सिनेमा अख्खा रंगीत केला. हा भाग 1960 पासूनच रंगीत होता, त्याला काय करणार.

‘टायटॅनिक’ची जुनी व्हीसीडी आहे माझ्याकडे, तीन तबकड्यांची. तिसरीत ते चुकीचं आभाळ असणार. तारे कुठले आणि चरे कुठले, हे तेव्हाही कळत नव्हतं. प्लेअर बंद पडलाय.