कारखान्याचे मैदान

फुटबॉलचे जाणकार म्हणवून घेण्याचा आमचा अधिकार नाही; परंतु लहान गावांच्या संघांविषयी आम्हांला प्रथमपासून जिव्हाळा वाटत आला आहे. फिनलंडमधील वाल्केयाकोस्की हे सुमारे वीस हजार वस्तीचे, कागदाच्या कारखान्यांवर पोसलेले गाव. तेथील ‘हाका’ हा संघ १९३४ साली स्थापन झाला. त्याच्या मैदानाचे नावही ‘कारखान्याचे मैदान’ असेच आहे. नाव ठेवताना कोणी अलंकार शोधत बसले नाही, हे आम्हांला भावते.

या गावाने देशाचे अजिंक्यपद नऊ वेळा मिळविले. १९९८ ते २००० अशी सलग तीन वर्षे. तरीही आमचे मन रेंगाळते ते मार्च १९८४ पाशी. युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेत, उपांत्यपूर्व फेरीत, हाकाची गाठ प्लातिनी आणि रोसी यांच्या युव्हेंटसशी पडली. त्या दिवसांत फिनलंडची मैदाने गोठलेली असतात. म्हणून घरचा सामना फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे खेळावा लागला. जन्मात एकदा असा पाहुणा यावा आणि आपले अंगणच आपल्याला नसावे! हाकाने जवळजवळ अखेरपर्यंत बरोबरी राखली; सामना संपता संपता एकमेव गोल झाला. तुरिन येथील परतीच्या सामन्यातही हार झाली, तीही एकाच गोलाने. पुढे चषक युव्हेंटसनेच जिंकला.

२०१२ साली हाका तळाला जाऊन वरिष्ठ विभागातून बाहेर पडला. दुय्यम विभागात सात हंगाम काढून २०२० साली तो परतला, त्याच कारखान्याच्या मैदानावर.