तिसरीची टिपणे

अंबरनाथच्या शिवमंदिराचा गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. देऊळ जुनं, 1060 सालच्या शिलालेखाचं. माझ्या वेळी दिवस गेलेले असताना आई दर सोमवारी त्या पायऱ्या उतरायची. दोन मुली झाल्या होत्या, आता मुलगा हवा होता. झाले मी.

*

बाबा फार धार्मिक. सोमवार, एकादशी कधी चुकली नाही. मी चार वर्षांची असताना त्यांनी दुसरं लग्न केलं. 'पाणी कोण देणार?' एवढं कारण सगळ्यांना पुरलं. तिला आम्ही मावशी म्हणायचो. तिचं बिऱ्हाड उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात. संध्याकाळी दारात बाबांच्या चपला दिसल्या की आई जास्त कणीक भिजवायची.

*

मावशीला मुलगा झाला, आमच्याकडे सत्यनारायण घातला. पूजेला जोडीनं मावशी बसली. आई आत प्रसादाचा शिरा भाजत होती. त्या दिवशी तिच्या हातून शिरा पहिल्यांदा खाली लागला. तो करपट वास मला अजून कुठल्याही पूजेत येतो.

*

मुंबई प्रांतात हिंदूंचं दुसरं लग्न 1946 पासून बेकायदा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानेही ते रद्दबातल ठरवलं. शिक्षा सात वर्षांपर्यंत. पण तक्रार करायची बायकोनं किंवा तिच्या माणसांनी. आईचं माणूस म्हणजे तिचा भाऊ. तो त्या लग्नात पंगत वाढत होता.

*

कॉलेजात मनुस्मृतीचा नववा अध्याय वाचला. मुलीच होणाऱ्या बायकोवर अकराव्या वर्षी दुसरी करावी, असं तिथे आहे. म्हणजे माझ्या जन्माचा हिशोब फार आधीच लिहून ठेवलेला होता.

*

मी मुलगा असते तर मावशी आली नसती. हे मला कुणी शिकवलं नाही, कुणी खोडूनही काढलं नाही. म्हणून मी सगळ्यांत शेवटी जेवायचे, पहिला नंबर काढायचे, ताप आला तरी सांगायचे नाही. राहत्या घराचं भाडं भरावं तसं.

*

शाळेत गुणसूत्रांचा धडा आला. मुलगा की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. वही घेऊन धावत घरी आले. आईनं ऐकलं, भाकरी उलटली, म्हणाली, "आता काय उपयोग?" दुसऱ्या दिवशी भांडी घासताना हळूच म्हणाली, "ते कालचं परत सांग."

*

लोकलच्या डब्यातली माझी मैत्रीण मुसलमान. तिच्याही वडिलांची दोन घरं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याला आणखी बायको असल्याचं सांगणाऱ्या बायका मुसलमानांत 1.9 टक्के, हिंदूंत 1.3 टक्के. मी तिला 18 एप्रिल 1966 चं सांगितलं. हमीद दलवाईंनी मुंबईत विधिमंडळावर सात मुस्लिम बायकांचा मोर्चा नेला होता, बहुपत्नीत्व बंद करा म्हणून. ती उल्हासनगर येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "अम्मीला कळलं असतं, तर आठ झाल्या असत्या."

*

चाळिशीत समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, "जन्मताना वजन किती होतं?" अडीच किलो. "मग एवढ्याशा जिवानं घर कसं मोडलं, ते मला समजावून सांगा." मला समजावता आलं नाही. तिथे खूप रडले.

*

आता ताप आला की रजा टाकते. सगळ्यांबरोबर ताटावर बसते. कुणी स्तुती केली तर 'छे छे' म्हणत नाही. ही कामं छोटी आहेत, पण मला ती वर्षानुवर्षं जमली नव्हती.

*

भावाचा मी खूप राग केला. त्याच हिंदू विवाह कायद्याचं 16 वं कलम सांगतं, लग्न रद्दबातल असलं तरी मूल औरसच. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मुलांचा आईबापांच्या वाट्यातला हक्क स्पष्ट केला. ती बातमी वाचून त्यानं फोन केला आणि शाळेत त्याला काय काय म्हणायचे, ते पहिल्यांदा सांगितलं. नवसाच्या मुलालाही कुणी विचारलं नव्हतं, तू कसा आहेस.

*

2024 च्या पावसाळ्यात बदलापूरला त्याला मुलगी झाली. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं, मग बापाचं. तो आमच्याकडे आला तो पेढे घेऊन. मुलगी झाली की बर्फी वाटायची रीत आम्हा दोघांनाही माहीत होती. आईनं डबा देवापुढे ठेवला, हात जोडले आणि पहिला पेढा मला भरवला.